हवेबद्दल कुणाशी बोलणार नाही

माझ्या वडिलांच्या तोंडून 'आज फार उकडतंय' हे वाक्य मी कधी ऐकलं नाही. 'थंडी पडली' नाही, 'आभाळ भरून आलं' नाही, 'छत्री घेऊन जा' तर नाहीच नाही. माळव्यातल्या आमच्या मल्हारगंजातले समस्त पुरुष सकाळी ओट्यावर दातण चावत हवेवर जे प्रवचन झोडत, त्यात नाना कधी सामील होत नसत. कुणी थेट विचारलंच, "क्यों बाबूजी, आज पानी गिरेगा क्या?" तर नाना मान वर करत आणि म्हणत, "आकाश सामने है, देख लो." आणि आत निघून येत. गल्लीतले लोक त्यांना घमेंडी म्हणत. आई त्यांना विचित्र म्हणे. मी मात्र त्यांना फक्त माझे म्हणत असे, आणि ते का, हे सांगायचं तर आधी मुगवड्यांबद्दल सांगायला हवं.

आमच्या घराच्या तळमजल्यावर कल्हईवाल्याचं दुकान होतं. त्याच्या वर दोन खोल्यांत आम्ही, आणि आमच्या वर छत. छताच्या एका कोपऱ्यात एक सुटी खोली होती. माझा मोठा भाऊ भोपाळला नोकरीला लागला तेव्हापासून ती रिकामीच पडली होती. सकाळी कल्हईचा भाता सुरू झाला की नवसागराचा धूर जिन्यातून वर यायचा आणि समोरच्या ठठेऱ्यांच्या हातोड्या तांब्याच्या हंड्यांवर पडायला लागायच्या. त्या ठोक्यांची इतकी सवय झाली होती की सुट्टीच्या दिवशी ते थांबले की मला भलत्याच वेळी जाग येई. थंडी सुरू झाली की आई मुगाची डाळ भिजवायची, पाट्यावर वाटायची, त्यात आलं, हिरवी मिरची, धने आणि भरपूर हिंग घालायची. मग छतावर जुनं धोतर अंथरून बोटांनी बोराएवढ्या वड्या टाकायच्या. तीन-चार दिवस कडक ऊन मिळालं तर त्या खडखडीत वाळत आणि वर्षभर पुरत. पण माळव्यात थंडीत अवेळी पाऊस येतो, त्याला मावठा म्हणतात. तो आला की वड्या काळ्या पडत, त्यांना बुरशी येई आणि पाच शेर डाळ, दोन दिवसांचं वाटण आणि आईची पाठ हे सगळं पाण्यात जाई.

नाना बोलत नसत, पण मला साधारण आठव्या-नवव्या वर्षी एक शोध लागला. पाऊस यायचा असला की नाना कचेरीला जाताना चामड्याच्या चपला ठेवून रबरी चपला घालत. सायकल अंगणात न सोडता जिन्याखाली ओढत. पाऊस जोराचा असेल तर कोट घरीच ठेवून जुनं जाकीट चढवत. हे सगळं आभाळ निरभ्र असताना. मी एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं आणि तिसऱ्यांदा नाना रबरी चपला घालून जिना उतरले तशी मी छतावर धावले आणि ओरडले, "आई, वड्या उचल!" आई म्हणाली, "वेडी झालीस का गं? एकदम साफ ऊन पडून राहिलंय." मी ऐकलं नाही. धोतराची चारी टोकं धरून मीच सगळं आत ओढलं. तिसऱ्या प्रहरी असा मावठा कोसळला की पूर्ण गल्लीच्या वड्या गेल्या, आमच्या तेवढ्या राहिल्या. त्या दिवसापासून आई मला 'माझी वेधशाळा' म्हणायला लागली. शेजारच्या बायका सकाळी आपापल्या छतांवरून हाका मारत, "विजू बिटिया, बड़ी डालूँ क्या आज?" मग मी जिन्यापर्यंत जाऊन नानांचे पाय बघून येई आणि तिथूनच हात हलवून होकार किंवा नकार देई.

मी जळकी आहे. सत्तरी ओलांडल्यावर कबूल करायला लाज कसली? अजूनही माझी नात फोनवर बोट फिरवून "आजी, चार बजे पाऊस येणार" असं सांगते तेव्हा माझ्या पोटात बारीक दुखतं. तिला ते इतक्या फुकट कळतं म्हणून. मला ते कळायला एका माणसाकडे वर्षानुवर्षं डोळे लावून बसावं लागलं होतं. नाना आईशी कामापुरतं बोलत, भावाला पत्रात चार ओळी लिहीत. पण त्यांच्या मनातलं ओळखायची विद्या माझ्या एकटीकडे होती. ती कुणाला शिकवायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

अशात दिवाळीनंतर सुलभाताई आली.

ती साताऱ्याची. मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवायला एका सत्रापुरती आली होती आणि तिचा एक प्रबंध अर्धवट राहिला होता. दुसऱ्या महायुद्धात माळव्यात जे लष्करी हवाई तळ उभे राहिले आणि युद्ध संपल्यावर सोडून दिले गेले, त्यांचा इतिहास ती लिहीत होती. त्यातला एक तळ सांवेरच्या बाजूला होता. आमच्याकडे त्याला नुसतं 'पट्टी' म्हणत. त्या पट्टीवर काम केलेला एक मराठी माणूस मल्हारगंजात राहतो, असं तिला कुणी तरी सांगितलं. ती विचारत विचारत आमच्या दारात आली आणि बोलता बोलता छतावरची खोली भाड्यानेच घेऊन बसली. नानांनी युद्धात कुठे तरी नोकरी केली होती एवढंच मला ठाऊक होतं. आईलाही त्याहून जास्त ठाऊक नव्हतं. तिचं लग्न नंतरचं.

सुलभाताईचं सगळंच माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. तिच्या सुती साड्या, पेनाचं सोनेरी टोपण, जेवताना डावी-उजवी बाजू सांभाळून वाढून घेण्याची रीत. आणि तिचं मराठी! आम्ही 'पाणी पिऊन घे', 'मी येऊन राहिले' असं बोलणारी माणसं. ती "मी आलेच हं काकू" म्हणायची तेव्हा आई नव्या सुनेकडे बघावं तशी कौतुकाने बघत राहायची. नानांनी तर कमालच केली. त्यांच्या बोलण्यातून हिंदी हळूहळू गळायला लागलं. एके दिवशी ते तिला म्हणाले, "आपण चहा घेणार का?" मी स्वयंपाकघरात पोळीला तूप लावत होते, ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला आयुष्यात कधी त्यांनी 'आपण' म्हटलं नव्हतं, आणि चहा तर विचारलाही नव्हता. थंडीत ते कचेरीतून येताना गराडू नावाचा कंद आणत. आई त्याचे तुकडे तळून वर तिखट-मीठ भुरभुरायची आणि लिंबू पिळायची. पूर्वी पहिली वाटी माझी असे. आता नाना म्हणत, "एक वाटी वर नेऊन दे." ती वाटी घेऊन जिना चढणारी मीच असे.

एका रविवारी नाना तिला पट्टी दाखवायला निघाले. मी हट्ट केला. नाना म्हणाले, "तिथे काय बघायचं तुला?" सुलभाताई म्हणाली, "येऊ द्या की नाना." म्हणजे माझ्याच बापाबरोबर जायला तिची शिफारस लागली. आम्ही सांवेरच्या बसमधून फाट्यावर उतरलो आणि शेतांतून चालत गेलो. आज त्या भागात कारखाने आणि गोदामं उभी आहेत, तेव्हा दोन्ही बाजूंना गहू होता आणि मधूनच एक लांबच लांब, रुंद, सपाट रस्ता निघत होता. तो कुठून येत नव्हता आणि कुठे जातही नव्हता. त्यावर गावकऱ्यांनी मिरच्या वाळत घातल्या होत्या. अर्ध्या मैलापर्यंत लाल मिरच्या, त्यांच्या कडेने शेळ्या. दोन-तीन बिनछपराच्या खोल्या होत्या, त्यांत कडबा भरलेला. नाना काठीने दाखवत होते. इथे पेट्रोलची पिंपं, इथे बिनतारीची झोपडी, इथे गोऱ्या सार्जंटांचा जेवणाचा खाना, तिथे आमचा. सुलभाताई भराभर लिहून घेत होती. मग एका गोल सिमेंटच्या चौथऱ्यापाशी नाना थांबले. त्यांनी त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"आणि इथे?" तिने विचारलं.

"इथे मी होतो. हवा बघायचो."

"म्हणजे काय करायचात, नाना?"

"ते सांगता येत नाही," नाना म्हणाले. "सही केली आहे."

मग त्यांनी ज्या सहजपणे तिला सांगितलं, ते मला अजून सहन होत नाही. युद्धात हवामान हे गुपित असे. उद्या वारा कुठून वाहणार, ढग किती खाली येणार हे शत्रूला कळलं तर त्याला विमानं कधी पाठवायची ते कळलं. म्हणून कामावर घेताना त्यांच्याकडून कागद लिहून घेतला होता. हवेबद्दल कुणाशी बोलणार नाही, मित्राशी नाही, घरच्यांशीही नाही. सुलभाताईचं पेन थांबलं. "पण नाना, युद्ध संपून वीस-बावीस वर्षं झाली की!" नाना शांतपणे म्हणाले, "युद्ध संपलं. तळ गेला, साहेब गेले. पण कागद रद्द झाला असं मला कुणी लेखी कळवलं नाही."

सुलभाताई हसली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. मी मात्र हसले, आणि नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून एकच गोष्ट घोकत होते. मी पंधरा वर्षांची होते. पंधरा वर्षांत 'नाना, तुम्ही हवेबद्दल का बोलत नाही?' हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. मी नुसत्या चपला बघत बसले आणि ही चार आठवड्यांची पाहुणी, हिने तोंड उघडून विचारलं आणि तिला उत्तर मिळालं.

दुसऱ्याच दिवशी तिने अर्ज लिहिला. दिल्लीच्या हवामान कचेरीला, इंग्रजीत, नानांच्या नावाने आणि नानांच्या सहीने. युद्धकाळात घेतलेलं ते बंधन अजून चालू आहे की उठलं, एवढंच विचारलेलं. "उत्तर तुमच्याच नावावर येईल," ती म्हणाली. "लेखी आलं की बोलाल ना?" नाना म्हणाले, "लेखी आलं तर सगळं सांगेन. पहिल्या दिवसापासून." असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. कुणी तरी डोक्यावरचं ओझं उतरवायला हात पुढे केल्यावर माणूस मान वर करतो, तसे ते दिसत होते. तेव्हापासून रोज कचेरीतून आल्यावर सायकल लावता लावता ते विचारत, "काही टपाल?" सुलभाताईलाही घाई होती. कॉलेजचं काम संपलं की तिला प्रबंध द्यायचा होता, आणि नानांचं प्रकरण तेवढं रिकामं होतं.

पौषात आईने वड्या टाकल्या. सकाळचं ऊन स्वच्छ होतं. मी शाळेच्या तयारीत होते, वेणीला रिबन बांधत होते. एवढ्यात वरून सुलभाताईचा आवाज आला, "काकू, वड्या उचला! नानांनी आज रबरी चपला घातल्यात." आई म्हणाली, "अगंबाई, तुलाही समजायला लागलं?" आणि दोघी हसल्या. त्या हसल्या, बस, एवढंच. दोघी मिळून धोतर आत ओढायला लागल्या. दुपारी पाऊस आला. शाळेतून मी भिजत आले तेव्हा आई सुलभाताईला सांगत होती, "आता घरात दोन दोन वेधशाळा झाल्या हो." मी न जेवता झोपले. पोट दुखतंय म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

चौथ्या दिवशी पत्र आलं. आई छतावर होती, सुलभाताई कॉलेजात. पोस्टमनने खालून हाक मारली, "बाबूजी का टपाल, दिल्ली से है!" लांबट खाकी पाकीट, वर सरकारी शिक्का. मी ते घेतलं आणि जिन्यात उभी राहिले. आत काय होतं मला ठाऊक नव्हतं, पण अंदाज होता. हे पाकीट नानांच्या हातात पडलं की संध्याकाळी ते वरच्या खोलीत जाऊन बसतील. ती समोर वही उघडेल. ते पहिल्या दिवसापासून सांगतील आणि मी गराडूची वाटी घेऊन दाराशी उभी असेन. पाकीट भूगोलाच्या पुस्तकापेक्षा लांब होतं. मी ते मधोमध दुमडलं आणि पुस्तकाच्या खाकी कव्हरात सरकवलं. भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं, परीक्षेत पहिली आल्यासारखं.

संध्याकाळी नानांनी विचारलं, "काही टपाल?"

"नाही," मी म्हणाले.

हे एकदा म्हणणं सोपं होतं. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, पंधराव्या दिवशीही विचारलं. माझ्या 'नाही'नंतर ते सायकलची घंटी उगीच पुसत. सुलभाताई वरून कठड्याशी येऊन बघे आणि नाना तिच्याकडे बघून नुसती मान हलवत. भूगोलाच्या तासाला मी पुस्तक उघडत नसे, शेजारणीच्या पुस्तकात बघत असे. संक्रांत झाली. तिळगूळ देताना नाना तिला म्हणाले, "सरकारी काम आहे, वेळ लागतो." माघात तिचं सत्र संपलं. तिने प्रबंध बांधायला टाकला. त्यात नानांचं नाव एकाच ओळीत होतं आणि पुढे लिहिलं होतं की हवामानाच्या कामाची माहिती मिळू शकली नाही. ती ओळ तिने स्वतः नानांना वाचून दाखवली. निघताना ती त्यांच्या पाया पडली, मला जवळ घेतलं, स्वतःचं ते सोनेरी टोपणाचं पेन मला दिलं आणि म्हणाली, "नानांना सांभाळ गं." मी मनात म्हटलं, ते मी तू यायच्या आधीपासून करतेय.

आता सगळं पूर्वीसारखं होईल अशी माझी खात्री होती. आईने वड्यांचा दुसरा घाणा टाकला. सकाळी मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन नानांचे पाय बघितले. चामड्याच्या चपला. कोट अंगावर. सायकल अंगणात. मी छतावर जाऊन तीन घरांना हात हलवून सांगितलं, खुशाल टाका. दुपारी बारालाच मावठा आला आणि तासभर बरसला. आमच्या वड्या गेल्या, तिन्ही घरांच्या गेल्या. शेजारीण कठड्यावरून म्हणाली, "क्या बिटिया, आज तो तुमने डुबो दिया." आणि संध्याकाळी नाना आले ते नखशिखांत भिजून, कोटातून पाणी गळत, चामड्याच्या चपला हातात घेऊन. आई पंचा घेऊन धावली. "काय हे! तुम्हाला समजलं नाही?"

नानांनी डोकं पुसलं. "समजलं होतं," ते म्हणाले.

"मग?"

ते पाटावर बसले. इतकं सलग बोलताना मी त्यांना घरात कधी ऐकलं नव्हतं. "दिल्लीचं उत्तर आलं नाही. म्हणजे बंधन आहे तसंच आहे. आणि मी इतकी वर्षं काय करत आलो? तोंडाने बोललो नाही, पण चपला बदलून सांगतच होतो ना? दिवसभर मी कचेरीत छपराखाली असतो, पाय भिजले तर भिजले, मला काय फरक पडतो? पोरगी जिन्यात उभी राहून बघते, तिला कळावं म्हणून घालत होतो. ते पण सांगणंच झालं. आता ते बंद."

पोरगी जिन्यात उभी राहून बघते. मी चुलीपाशी बसले होते. मला वाटलं होतं मी त्यांना ओळखते, चोरून, माझ्या हुशारीने. ते तर सगळं मलाच सांगत होते. आईला नाही, भावाला नाही, सुलभाताईला तर मुळीच नाही. रोज सकाळी, सात वर्षं, एका माणसाने दिलेला शब्द न मोडता जेवढं बोलता येईल तेवढं माझ्याशी बोलून घेतलं होतं. आणि ते मी माझ्या हाताने बंद केलं होतं. मला तेव्हा पश्चात्ताप झाला असं लिहिलं असतं तर शोभलं असतं. पण पहिल्यांदा मला राग आला, आपलंच काही तरी हरवल्याचा राग. लाज त्यानंतर वाटली.

मी आत गेले, भूगोलाचं कव्हर काढलं आणि पाकीट घेऊन बाहेर आले. "नाना, टपाल," मी म्हणाले. "आज आलं."

नानांनी हात कोरडे केले. पाकिटाला मधोमध घडी पडली होती, कडा कव्हराने मऊ झाल्या होत्या. त्यांनी ते उलटं केलं. मागे आमच्या पोस्टाचा गोल शिक्का होता आणि त्यात तारीख होती, अगदी स्पष्ट. नानांनी ती वाचली. ते नोंदींचे माणूस, तारीख वाचल्याशिवाय राहणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी पाकीट फोडलं, चार ओळींचं इंग्रजी पत्र दोनदा वाचलं. आई म्हणाली, "काय आहे?" नाना म्हणाले, "उठलं. कधीच उठलं होतं म्हणतात." माझ्याकडे त्यांनी बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी रडून मोकळी झाले असते. ते फक्त बघत होते, एखादा ठिपका आकाशात लांब जाताना बघावा तसे.

पुढच्या रविवारी आंघोळ झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. "कागद घे. ते पेन पण घे. मी सांगतो, तू लिही." मी बसले. ते म्हणाले, "प्रिय सुलभाबाई यांस, सप्रेम नमस्कार, विनंती विशेष."

म्हणजे सांगणार होते, पहिल्या दिवसापासून, सगळं, आणि सांगणार होते तिला. मी फक्त हात होते. तीन रविवार मी तिच्याच पेनाने तिच्यासाठी लिहीत बसले. पहाटे बंद खोलीत, विस्तवाचा कण जवळ न येऊ देता फुग्यात गॅस कसा भरत, ते लिहिलं. निळ्या आभाळाला पांढरा फुगा, ढगाळ आभाळाला लाल. तो सोडला की चौथऱ्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावायचा आणि दर मिनिटाला कोन सांगायचा, शेजारचा लिहून घ्यायचा, फुगा टाचणीएवढा होऊन नाहीसा होईपर्यंत. ते आकडे बिनतारीच्या झोपडीत जात आणि त्यावर विमानं उडायची की नाही ते ठरे. 'आपण विचारलं होतं', 'आपल्याला आठवत असेल', प्रत्येक पानावर हे 'आपण' माझ्या अक्षरात उतरत होतं, आणि प्रत्येक वेळी मला टोचत होतं.

तिसऱ्या रविवारी नानांच्या सांगण्यात भेरूलाल आला. तो तळावरच्या खान्यातला स्वयंपाकी, सांवेरजवळच्या एका खेड्यातला. त्याच्या मुलीचं लग्न थंडीत होतं. आदल्या दिवशी त्याने नानांना उद्याचं विचारलं, "बाबूजी, काल पानी तो नी आवेगा?" नानांनी त्या सकाळचे आकडे बघितले होते. ते म्हणाले, "आवेगा." भेरूने मांडव सोडून सगळी पंगत एका कोठारात नेली. दुसऱ्या दिवशी धो धो मावठा आला आणि ताटं कोरडी राहिली. गावभर झालं की भेरूला पाऊस आधीच ठाऊक होता. ते साहेबापर्यंत गेलं. साहेबाने सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि भेरूला विचारलं, कुणी सांगितलं? भेरू म्हणाला, "म्हके कई मालम नी, साब. म्हारो घुटनो दूखे, तो पानी आवे." साहेबाने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा गुडघाच पुढे केला. त्याच दिवशी त्याला काढून टाकलं.

"लिही," नाना म्हणाले. "मी ओळीत त्याच्यापासून दोन माणसं सोडून उभा होतो. मी काही बोललो नाही. सही मी एकदाच मोडली, आणि त्याचं मोल भेरूने दिलं. म्हणून पुढे पाळली. आपल्या प्रबंधात कुठे जागा असेल तर भेरूलालचं नाव घालावं. माझं नसलं तरी चालेल."

मी लिहिलं. मला वाटलं संपलं. मी पेनाला टोपण लावायला गेले.

"अजून एक ओळ," नाना म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत होते. "दिल्लीचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. आपल्याला कळवायला उशीर झाला, तो माझ्या हातून."

माझा हात थांबला. "नाना, हे खरं नाही."

"लिही."

"नाना, मीच ते..."

"मला माहीत आहे," नाना म्हणाले. "भेरूने पण स्वतःवर घेताना मला विचारलं नव्हतं. लिही, विजू."

मी लिहिलं.